तबकडीतला टक

मंगळवार, ४ फेब्रुवारी

परत आली! पियानोची सीडी परत आली. मी दुरुस्त केलेली सीडी परत येते म्हणजे काय? काउंटरवालीने ती खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाली, "ते आजोबा म्हणतात, टक राहिलाय." टक राहिलाय! जसा काही शिंप्याकडे टाका राहिला.

गेल्या आठवड्यात आली तेव्हा तिची दशा बघवत नव्हती. बारीक रेघा असतातच. वाचनालयाची सीडी म्हणजे भाड्याची सायकल, जो येतो तो दामटतो. पण हिच्यावर एक ओरखडा आडवा, खोल, अगदी किल्लीने काढल्यासारखा. साबणाच्या पाण्याने धुतली. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. (गोल गोल पुसायची नाही, हे सांगून सांगून मी थकले.) मग चाकावर लावली — आधी खरखरीत पेस्ट, मग बारीक, मग अगदी लोण्यासारखी. ओरखडा गेला. मग हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ऐकल्याशिवाय मी एकही सीडी या खोलीबाहेर सोडत नाही. कधीच नाही.

माझ्या कानाचा इथे दरारा आहे. पंखा बिघडायच्या आधी मला कळतं. मोठ्या बाई — हुद्द्याने मोठ्या, वयाने माझ्या लेकीएवढ्या — कुणी पाहुणे आले की सांगतात, "या आमच्या डागडुजीच्या बाई. पुस्तकं शिवतात, सीड्या घासतात, आणि कान असा की विचारू नका." आणि हे आजोबा म्हणतात टक राहिलाय.

त्यांना ती सीडी बहिणीच्या वाढदिवसाला वाजवायची आहे म्हणे. पुढच्या महिन्यात. "तोवर टक गेलाच पाहिजे, असं सांगा बाईंना." हुकूम!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पुन्हा चाकावर घेतली. पुन्हा ऐकली. स्वच्छ. दिली परत. आजोबांचं नाव मी टकोबा ठेवलंय. काउंटरवालीला इतकं आवडलं की तिने ते दिवसभर पुरवून पुरवून वापरलं.

घरी ह्यांचं नवीनच खूळ. हॉलमधून बोलणं बंदच केलंय. काही सांगायचं असलं की उठून स्वयंपाकघरात येतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि एकेक शब्द सुटा करून देतात — "चहा. ठेवतेस. का?" रिटायर झालेला मास्तर! शाळा सुटली, आवाज सुटत नाही. मी म्हटलं, मी काय शेवटच्या बाकावर बसलेय? नुसते हसले. कप धुवायला घेतले.

सोमवार, १० फेब्रुवारी

टकोबा आज स्वतः आत आले. उंच, वाळलेले, शर्टाची इस्त्री अशी की कागद कापावा. दारातच नमस्कार. "बाई, तुम्हाला त्रास देतोय. पण तो आहे अजून."

मी म्हटलं, बसा. दाखवाच मला. हेडफोन काढून स्पीकरवर लावली. दुसरा तुकडा. संथ आहे, एके ठिकाणी पियानो अगदी थांबल्यासारखा होतो, आणि मग पुन्हा हळूच सुरू होतो. टकोबा खुर्चीच्या टोकावर. ती थांबायची जागा आली तसं त्यांनी बोट वर केलं — "हा!"

"कुठे?"

"आत्ता गेला की, बाई."

मागे घेतली. पुन्हा बोट. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून ऐकलं. नाहीच! स्वच्छ शांतता. मी जरा घुश्शातच म्हटलं, "आजोबा, मला तर टक बिक काही येत नाही ऐकू."

वाटलं, आता चिडतील. तर माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "खरंच नाही आला?" आणि चेहरा असा काही उजळला की मलाच कळेना काय झालं. "पुन्हा लावता?" म्हणाले. लावली. या खेपेला स्पीकरकडे बघितलंच नाही त्यांनी. माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी मान हलवली, नाही. ते इतकं गोड हसले!

सीडी न नेताच गेले. जाताना म्हणाले, "तरी एकदा घासून बघाच." काय म्हणावं? स्वतःचेच कान वाजत असतील, दुसरं काय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जो ऐकलाच नाही तो टक दिवसभर डोक्यात!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज एक चाल केली. काउंटरवालीला आत बोलावलं. म्हटलं, हेडफोन धड आहे का बघ गं, डावी बाजू खरखरतेय असं वाटतं. दुसरा तुकडा लावून दिला. ती च्युइंगम चघळत उभी. मी आपली डिंकाची बाटली पुसतेय, लक्ष सगळं तिच्याकडे. ती जागा आली आणि तिचं चघळणं थांबलं.

"हेडफोन बरा आहे," म्हणाली. "पण टकोबा बरोबर बोलतायत की हो! मधेच टक. स्पष्ट."

मी म्हटलं, हो ना, तेच बघतेय. वर "अजून थोडा घासावा लागेल" असंही म्हटलं. तोंडाला येईल ते. ती गेल्यावर दार लावलं आणि आवाज पूर्ण वाढवून पुन्हा ऐकलं. पियानो कानठळ्या बसवतो. ती जागा येते. काही नाही.

दोघांनी मिळून माझी मस्करी चालवली असती तर किती बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कपडे धुवायचं यंत्र संपलं की "पीं" करतं. करायचं. मला आठवत होतं, करायचं. आज मुद्दाम त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. फिरलं, गदगदलं, थांबलं. दिवा विझला. पीं नाही. आणि हे हॉलमधून उठून आले, दार उघडून कपडे काढायला लागले.

मी विचारलं, "वाजलं का हे?"

ह्यांचे हात थांबले. "वाजलं."

"रोज वाजतं?"

"रोज."

मग मी सरळच विचारलं, मला ऐकू येत नाही का हो? हे ओला टॉवेल झटकत होते. म्हणाले, बारीक आवाज नाही येत तुला. दाराची घंटा पण नाही. म्हणून मीच उठतो. लेक फोनवर बोलते ते निम्मं तू अंदाजाने धरतेस, तिलाही माहीत आहे.

म्हणजे लेकीलाही माहीत! माझा पारा असा चढला — इतके दिवस दोघं मला बहिरी समजून वागवताय आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?

"सांगितलं होतं," हे म्हणाले. "तुला ऐकू नाही आलं."

मग मला जे हसू फुटलं! हे पण हसले. हसता हसता माझं रडणं कधी सुरू झालं, कळलं नाही. ओला टॉवेलच दिला ह्यांनी डोळे पुसायला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. लहानशी खोली, जाड दार, काच. आवाज आला की बटण दाबा, म्हणाली. मी बटणावर अंगठा ठेवून बसले, आणि बराच वेळ नुसतीच बसले. काचेपलीकडे तिचा हात हलताना दिसत होता. म्हणजे ती आवाज सोडत होती.

कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे बरी चाललेली, उजवीकडे जिन्यावरून पाय घसरल्यासारखी. खालचे सूर ठणठणीत, वरचे गेलेत. "वयाचं आहे, घाबरू नका. यंत्र बसवू." पोरगी चांगली आहे. मोठ्याने बोलत नाही, समोर बघून बोलते. हे घरात तेच करत होते आणि मी त्यांना शेवटच्या बाकावरून टोमणे मारत होते.

घाबरले नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रूप नव्हतं, शिक्षण बेताचं, गळा म्हणजे आनंदच. एक कान तेवढा माझा होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कपाटातल्या सीड्यांकडे बघवत नाही. यांतल्या किती मी "ऐकून" दिल्या? मोठ्या बाईंना सांगायला हवं. आज दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा स्टेपलर मागून परत आले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज डोकं चाललं! लिहिते नीट.

टकोबांची सीडी दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. भिंगाने पाहिली. रेघ नाही. एवढी घासलीय की आणखी घासली तर पारदर्शक व्हायची. मग काउंटरवालीला विश्वासात घेतलं. म्हटलं, तू कान, मी बाकीचं. (का, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. आगाऊ आहे, पण शहाणी आहे.) सीडी तीन प्लेअरवर लावली — माझ्या खोलीतला, वाचनकक्षातला, आणि माळ्यावरचा तो जुना खोका. तिन्हींवर टक तिथेच आणि तस्साच.

आता ओरखड्याची जात मला ठाऊक आहे. प्लेअर बदलला की त्याचं वागणं बदलतं. एकावर अडखळतो, दुसऱ्यावर उडी मारतो, तिसरा त्याला गिळून पुढे जातो. सगळीकडे सारखा वागला तो ओरखडा नव्हेच. म्हणजे टक सीडीवर नाही. टक वाजवण्यातलाच आहे! वाजवलं तेव्हाच पडलाय. तो घासून जन्मात निघायचा नाही.

कान गेला असेल, डोकं जाग्यावर आहे. खुशीत दुप्पट चहा प्यायले.

मग चहा पिता पिता दुसरं सुचलं. सीडी आतून बाहेर वाजत जाते. दुसरा तुकडा म्हणजे आतलं कडं. तो किल्लीचा ओरखडा नेमका त्याच कड्यात होता. बाकी कुठे नाही. चुकून पडलेला ओरखडा इतका हुशार नसतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

टकोबा आले. दार लावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "आजोबा, किल्ली तुमचीच ना?"

म्हातारा शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. "माझीच."

वाचनालयाच्या वस्तूवर किल्ली! या वयात! मी चांगलं फैलावर घ्यायच्या तयारीत होते. तर ते खाली बसले आणि बोलत सुटले.

पियानो वाजवणारी त्यांची थोरली बहीण. ताई. तरुणपणी एकदाच तिला मोठ्या सभागृहात वाजवायला मिळालं, तेवढीच एक संध्याकाळ टेपवर घेतली गेली, आणि पुढे त्याचीच ही सीडी झाली. टकोबा म्हणतात, तबकडी. ताईची स्वतःची कुणीतरी ऐकायला नेली ती आलीच नाही. आता ही एकच. आणि त्या संध्याकाळी पियानोशेजारी बसून सुरांच्या वहीची पानं उलटायला होते टकोबा. हौसेने नवीन घड्याळ घालून! ती शांत जागा आली, यांनी पान उलटलं, आणि घड्याळाचा पट्टा पियानोच्या लाकडाला लागला. टक.

"ताई रागावली का?" मी विचारलं.

"रागावली असती तर बरं, बाई. एकदा रागावून मोकळी झाली असती. तिने गंमत केली त्याची. घरात कुणीही आलं की रेकॉर्ड लावायची. ती जागा आली की बोट वर — हा बघा, आमचा भाऊ वाजला! सगळे हसायचे. मी पण हसायचो. न हसून सांगतो कुणाला?" घड्याळ त्यानंतर त्यांनी हातात घातलं नाही, खिशात ठेवतात. दाखवलंही.

ताई आता ऐंशी पुरी करतेय. भाचे, पुतणे, नातवंडं सगळी जमणार. तीच फर्माइश, "ताईची रेकॉर्ड लावा." यांना एकदाच, फक्त एकदा, ती जागा स्वच्छ जायला हवी होती. मग यांनी अक्कल लढवली. वाचनालयातल्या बाई ओरखडे काढतात. तर टकावरच ओरखडा काढू. बाई घासतील, ओरखड्याबरोबर टकही निघून जाईल. पाटी पुसल्यासारखा!

हसावं की रडावं! मी म्हटलं, अहो, असं होत नसतं.

"ते आता कळलं. पण त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, कुठे आहे टक? एवढ्या आयुष्यात असं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं, बाई. मला वाटलं, सुटलो. तुमच्या तोंडाकडे बघत होतो मी. तुम्ही पण त्या जागी हसताय का, ते."

मग मला राहवेना. म्हटलं, आजोबा, मी नाही हसले कारण मला ऐकू येत नाही. वरचे सूर गेलेत माझे. घराबाहेर कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ. तोंडातून गेलं आणि हलकं वाटलं.

ते "अरेरे" म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघंही असे हसलो की काउंटरवालीने दार उघडून बघितलं.

आणि हसता हसता मला सुचलं. विचारलं, "ताईंचे कान कसे आहेत हो?"

"कान? टीव्ही असा लावते की रस्त्यावरचे लोक बातम्या ऐकून जातात."

"मग झालं तर! मला या वयात येत नाही, तर त्यांना ऐंशीव्या वर्षी काय येणार? तशीच लावा. त्यांना टक ऐकूच येणार नाही. बोट वर व्हायचं नाही."

टकोबांनी खिशातलं घड्याळ चाचपलं. मग म्हणाले, "बाकीच्यांचं काही नाही. बाकीच्यांनी खुशाल ऐकावा."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कानात यंत्रं बसली. देवा! कागद किती बोलतो! पिशवी तर भांडतेच. नळ टपकतोय, कधीपासून, कोण जाणे. हे बोलताना "स" म्हणतात तेव्हा बारीक शीळ वाजते. दात बसवून घेतल्यापासून वाजत असणार. मी पहिल्यांदाच ऐकली. सांगितलं नाही. माझ्याकडेही एखादं गुपित असू दे.

मंगळवार, ४ मार्च

मोठ्या बाईंना सांगितलं. सगळं. त्या म्हणाल्या, काम तुम्हीच करायचं, फक्त शेवटी काउंटरवालीनेही एकदा ऐकायचं. घासणारे हात बदलून चालणार नाही म्हणाल्या. मी बाहेर आले आणि जुन्या सीड्यांचा पहिला गठ्ठा टेबलावर घेतला. दोघी मिळून सुरुवात केली. आजच्यातल्या दोन अडखळल्या. बाकीच्या बऱ्या निघाल्या.

बुधवार, ५ मार्च

यंत्रं लावून टकोबांची सीडी ऐकली. आला! टक. एवढासा. कुणी बशीत चमचा ठेवावा तसा. या एवढ्याशासाठी माणूस आयुष्यभर बिनघड्याळाचा राहिला.

गुरुवार, १३ मार्च

टकोबा सीडी घेऊन गेले. नवी कोरी डबी दिली मी. "पैज लावता? बोट वर नाही होणार," मी म्हटलं. त्यांनी डबी उघडून सीडी आत आहे ना, ते पुन्हा पाहिलं.

शनिवार, १५ मार्च

आज ताईंचा वाढदिवस. मला काय त्याचं? पण लक्ष तिकडेच. हे म्हणाले, भाजी करपलीय, आणि ते मला वासाने आधी कळायला हवं होतं.

सोमवार, १७ मार्च

सीडी परत आली. टकोबा आत येऊन बसले. घर भरलेलं होतं म्हणे. ती जागा जवळ आली तशी सगळी ताईकडे बघायला लागली, आता बोट वर होणार म्हणून. झालं नाही. तुकडा संपला. ताई म्हणाली, "निघाला की रे तुझा टक."

मी टाळीच वाजवली! म्हटलं, सांगत नव्हते? नाहीच आला ना ऐकू!

ते खाली बघत होते.

"बरोबर त्या जागी तिने माझं मनगट धरलं, बाई," म्हणाले. "आधी नाही, नंतर नाही. बरोबर तिथे."